अर्थिंग

सव्वीस वर्षं माझं काम एकच :
गुणगुण मारायची.
अँपच्या पोटात, वायरींच्या गुंत्यात
कुठंतरी अर्थिंग सुटलेलं असतं
आणि तिथून ती येते, ढेकणासारखी,
एका जागी चिरडली की दुसऱ्या फटीतून.
ओस्लोत मारली, ग्दान्स्कला मारली,
हांबुर्गच्या गोदीत रबरी बूट घालून
भर पावसात मारली.
‘काळी भट्टी’चा पहिला ठोका पडण्याआधी
मंचावर इतकी शांतता लागायची
की रैलीचा गुडघा ड्रममागे कट्‌कन वाजलेला
मला ऐकू यायचा.
मग ठोका.
तीस हजार माणसांच्या बरगड्या
एकाच मापाच्या व्हायच्या.

या हिवाळ्यात ताम्पेरेला,
जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
चौदा गिटारी सुरात लावून ठेवल्या.
सोमवारी कुणी हात लावला नाही.
मंगळवारी पुन्हा लावल्या, थंडीत तारा हलतात.
गुरुवारी इल्पो आला,
ज्या गळ्यावर आम्हा सगळ्यांची घरं उभी राहिली
तो गळा मफलरमध्ये गुंडाळून.
टोपीवरचा बर्फही झटकला नाही.
म्हणाला, आउलिस, गिटारी पेटीत घाल.
अँप चालू ठेव.
वायरीचं टोक मोकळं सोड.

मी सोडलं.
ती आली.

‘हीच,’ इल्पो म्हणाला. ‘हीच हवी.’

मी हसलो. माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.
साकारी जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून.
रैलीनं काठ्या दाराबाहेर ठेवलेल्या,
ओल्या बुटांशेजारी.

चेलो वाजवायला दोन पोरी आल्या कॉलेजातून.
त्यांचं जुळेना.
विजेची पट्टी तिची तिची असते,
आमच्या खालच्या ‘जी’हून केसभर चढी.
तिला खाली उतरवता येत नाही,
तेव्हा बाकीच्यांनी वर जायचं.
मीच त्यांच्या खुंट्या पिळल्या, केसभर,
आणि पिळताना लाज वाटली,
पोलिसानं चोराला घराची किल्ली द्यावी तशी.

खिडकीखाली धबधबा. त्याच्याच पाण्यावर
पाती फिरतात, वीज होते.
आई याच मजल्यावर साच्यापाशी उभी असायची.
रात्री जेवताना मधेच थांबायची, कान देऊन.
काय गं? म्हटलं तर
काही नाही, म्हणायची,
गिरणी मला घरापर्यंत पोचवायला आलीय.

मार्चमध्ये हेलसिंकीला पहिला कार्यक्रम.
सातव्या मिनिटापासून ओरडा : ‘लोखंड! लोखंड वाजवा!’
बिअरचा एक कागदी पेला साकारीच्या खांद्यावर.
कठड्याशी एक पन्नाशीचा माणूस,
पाठीवर आमचं नाव हातानं शिवलेलं, टाके वाकडे.
मी जवळ होतो म्हणून मलाच विचारलं त्यानं,
आमचं ‘लोखंड’ कुठं ठेवलंत?
पेटीत आहे, मी म्हणालो.
ते खरंच होतं. त्याला वाटलं मी उर्मट आहे.

आणि मग, त्या गोंधळात,
हात सवयीनं गेला.
अर्थिंगची क्लिप बसली.
ती मेली.

चेलोच्या पोरी अधांतरी.
रैलीनं माझ्याकडे पाहिलं, तिनं मला
सव्वीस वर्षांत इतकं नीट पाहिलं नव्हतं.
इल्पोनं मात्र पाहिलं नाही.
तोंड मिटलेलंच ठेवून
त्यानं ती धरली, नेमकी तिथंच, केसभर चढी,
त्या फाटलेल्या गळ्यात,
ज्यातून आता किंकाळी निघत नाही,
हे आम्ही पाच जण सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

मला क्लिप काढायला हवी होती.
ती दोन बोटांत धरून मी उभा राहिलो,
त्याचा श्वास पुरेल तेवढा वेळ.

बाहेर तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्यांची रांग
ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली होती.
जॅकेटवाला तिच्यात दिसला नाही.
नंतर मी शोधलं त्याला, पेले गोळा करताना.